रिपोर्टवरचे हाशिमोटो कोण?

थायरॉईडच्या रिपोर्टवर 'हाशिमोटो' हे नाव वाचून अनेकजणी गोंधळतात. हाकारू हाशिमोटो हे जपानी सर्जन. गळ्याला सूज आलेल्या चार बायकांच्या थायरॉईड ग्रंथीत त्यांना पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. १९१२ साली त्यांनी ते जर्मन भाषेत छापलं. पुढे गावी परतून डॉक्टरकी केली आणि १९३४ मध्ये टायफॉईडने गेले. शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, हे लंडनमध्ये १९५६ साली कळलं.

त्या चौघींची सूज निदान दिसत तरी होती. आज कित्येकींना फक्त थकवा येतो, थंडी सोसत नाही, केस गळतात, वजन वाढतं. घरचे म्हणतात, "वयाचं आहे गं!" वयावर ढकलण्याआधी डॉक्टरांना विचारून टीएसएच तपासून घ्या. साधी रक्ततपासणी आहे.