होळकरांच्या संघातले भाऊसाहेब

आम्हा गोंयकारांना परदेशी स्ट्रायकरचे भारी कौतुक. धेंपोचा रांटी मार्टिन्स नायजेरियाहून आला आणि इथलाच होऊन गेला. असे खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जातात ते आम्हाला सवयीचे झाले आहे. पण 'भाडोत्री खेळाडू' हा प्रकार फुटबॉलनेच आणला, असे मी बरीच वर्षे समजत होतो. तो समज इंदूरला गेल्यावर गेला.

मावशीच्या दिराच्या मुलीचे लग्न होते. पोहे-जिलबी झाली, सराफ्यात रात्री बारा वाजता खाणे झाले, आणि दुसऱ्या दिवशी मावशीच्या यजमानांनी मला यशवंत क्लबकडे नेले. "अरे, इथं नायडूसाहेब खेळायचे. आम्ही शाळा बुडवून यायचो." काकांचे मराठी अस्सल इंदुरी, मध्येच हिंदी केव्हा सुरू होते ते त्यांना स्वतःलाही कळत नाही. 1954-55 च्या अंतिम सामन्यात मद्रासने होळकरांना इंदुरातच 46 धावांनी हरवले, ते दुःख त्यांना अजून ताजे होते.

होळकरांचा रणजी संघ म्हणजे त्या काळचा मोठा क्लबच म्हणा ना! होळकर महाराजांनी नागपूरचे सी. के. नायडू बोलावले. सागरचे चंदू सरवटे आले. मुश्ताक अली मात्र घरचेच, इंदूरचे. युद्धाच्या काळात महूच्या छावणीत असलेला डेनिस कॉम्प्टनसुद्धा या संघातून खेळला. हा कॉम्प्टन आर्सेनलचा फुटबॉलपटू, हे आमच्या मडगावच्या मित्रांना सांगितले तर ते क्रिकेट बघू लागतील! 1944-45 च्या अंतिम सामन्यात त्याने मुंबईविरुद्ध नाबाद 249 केल्या, तरी होळकर हरले. तेव्हापासून अकरा हंगामांत होळकरांनी दहा अंतिम सामने खेळले आणि चार जिंकले. संस्थान 1948 साली मध्य भारतात विलीन झाले, पण संघाचे नाव पुढे काही वर्षे टिकले. नाव राहिले आणि राज्य गेले, असे हे उलटेच झाले.

या संघात आलेला एक मराठी माणूस मला सगळ्यांत जास्त आवडतो. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे... माझ्या सर्व्हिस बुकात बदल्यांच्या एवढ्या नोंदी नाहीत! तेव्हा क्रिकेटवर संसार चालत नसे. जिथे नोकरी, तिथला संघ. संस्थाने गेली तसे खेळाडू रेल्वेत किंवा सरकारी खात्यात शिरले. कारकुनाला हे समजायला वेगळे पुस्तक लागत नाही.

भाऊसाहेबांची कथा सर्वांना ठाऊक असते ती पुण्याची. डिसेंबर 1948, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड 238 वर बाद. मग निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी 455 धावांची भागी रचली. भांडारकर 205 वर गेले, निंबाळकर मात्र उभेच. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या, त्यांत त्यांच्या नाबाद 443. ब्रॅडमनचा 1930 सालचा नाबाद 452 चा विक्रम गाठायला नऊ धावा हव्यात, मोडायला दहा. आणि इथे काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, सामना सोडून निघून गेले! आपल्या संघाचे नाव असल्या विक्रमाशी जोडले जाऊ नये एवढाच त्यांचा हिशेब असावा. नाव जोडले गेलेच, उलट कायमचे. तो विक्रम पुढे 1959 मध्ये कराचीच्या हनीफ महंमदांनी 499 करून मोडला. लाराचे 501 तर 1994 चे.

त्या वेळी भाऊसाहेब नुकतेच एकोणतीस वर्षांचे झाले होते. एवढे करूनही त्यांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. मला या गोष्टीचा राग येतो तो 443 मुळे नव्हे. इंदूरच्या होळकरांकडून त्यांनी 1952-53 चा अंतिम सामना कलकत्त्यात खेळला, बंगालने 479 केल्या होत्या, आणि उत्तरादाखल भाऊसाहेबांनी 219 काढल्या. पहिल्या डावाच्या थोडक्या आघाडीवर करंडक इंदूरला आला. दुबळ्या गोलंदाजांवर धावा काढल्या असे 443 बद्दल कुणी म्हणेल. अंतिम सामन्यातल्या 219 ला काय म्हणणार? ती खेळी मात्र कुणी सांगत नाही. काकांना मी विचारले, तर ते पटकन म्हणाले, "दोनशे एकोणीस! रेडिओ ऐकला होता आम्ही."

2002 साली क्रिकेट मंडळाने भाऊसाहेबांना जीवनगौरव पुरस्कार दिला. त्या पुरस्काराला नाव आहे सी. के. नायडूंचे, म्हणजे इंदूरच्या त्याच होळकर संघाच्या कर्णधाराचे. पुढे 11 डिसेंबर 2012 रोजी कोल्हापुरात ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना 93 वर्षे पूर्ण झाली असती.