पैसा कोणत्या तारखेला येतो, त्यावर घरखर्च कसा बसवायचा?

एकाच गल्लीतल्या चार घरांत वर्षाला सारखाच पैसा आला, तरी चारही घरांचा खर्च सारखा चालत नाही. एका घरी महिन्याला पगार, दुसऱ्याकडे दहा दिवसांनी दुधाचं बिल, तिसऱ्याकडे बाजाराच्या दिवशी मजुरी आणि चौथ्याकडे वर्षातून एकदा उसाचं बिल. दुकानदाराच्या वहीत कुणाची उधारी चढते, हे बऱ्याचदा या तारखांवरून ठरतं.

आठवड्याची मजुरी

शेतातली आणि बांधकामाची मजुरी बहुतेक ठिकाणी बाजाराच्या दिवशी हातात पडते. तेल-मीठ रोखीनं येतं, उधारी कमी राहते. पण पावसानं चार दिवस काम बुडालं की त्या बाजाराला हात रिकामा. त्यासाठी एका बाजाराचे पैसे कायम बाजूला हवेत. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला एक दिवसाची मजुरी मागे टाका.

दुधाचं बिल

दूध संस्थेचं बिल दहा दिवसांनी, काही ठिकाणी पंधरा दिवसांनी निघतं. पशुखाद्य आणि उचल त्यातूनच कापली जाते. म्हणून खर्च बसवताना बिलावरची एकूण रक्कम धरू नका, कपात जाऊन खात्यात जमा झालेली धरा. म्हैस आटली की बिल थांबतं, वैरण थांबत नाही. दूध भरपूर असताना त्या महिन्यांची तरतूद करावी लागते.

महिन्याचा पगार

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा, असा कायदा आहे. पगार ७ ला आणि गाडीचा हप्ता ५ ला असेल तर खात्यात पैसे नसल्यानं हप्ता बाऊन्स होतो आणि दंड बसतो. कर्ज घेतानाच हप्त्याची तारीख पगारानंतरची, शक्यतो १० नंतरची मागून घ्या.

उसाचं बिल

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज देय आहे. बिल लांबलं की सोसायटीचं पीककर्ज थकतं. राज्यात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज लागत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते, म्हणजे उशिराचा फटका दोनदा बसतो.

एकरकमी पैशाचे बारा भाग करा. समजा कर्ज आणि मशागत वजा जाऊन ९६ हजार उरले, तर महिन्याला ८ हजार. त्यातले २४ हजार खात्यात ठेवा. उरलेल्याच्या २४-२४ हजारांच्या तीन ठेव पावत्या ३, ६ आणि ९ महिन्यांच्या करा. मुदत अशी बघा की एक पावती जूनमध्ये, पेरणी आणि शाळेच्या वह्या-पुस्तकांच्या वेळी, मोकळी होईल.

ऊसतोडीची उचल

इथं गणित उलटं. पैसा आधी येतो, काम नंतर. हंगामात कोयत्याची मजुरी उचलीत वळती होते. म्हणून गावी मागे राहिलेल्या माणसांचा सहा महिन्यांचा खर्च उचल मिळाली त्याच दिवशी वेगळा काढावा.

सरकारी हप्ते

पीएम किसानचे २ हजार चार महिन्यांनी येतात, म्हणजे महिन्याला ५०० रुपये. पण हप्त्याची तारीख मागे-पुढे होते. त्याच्या भरवशावर कर्जाचा हप्ता ठेवू नका. खत, विमा अशा खर्चाला तो वापरा.

गटाचं कर्ज

मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याला आणि घरात पैसा दहा दिवसांनी, असं झालं की एक हप्ता भरायला दुसरं कर्ज निघतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. आठवड्याला भरायचं की महिन्याला, यात कर्जदाराच्या सोयीचा विचार करणंही कंपनीवर बंधनकारक आहे. सही करण्याआधी हे विचारा.

आज एवढं करा: कॅलेंडरवर पैसा येण्याच्या तारखांना हिरवी खूण आणि जाण्याच्या तारखांना लाल खूण करा. हिरव्याच्या आधी लाल पडत असेल तर ती तारीख बदलून घ्या. बदलता येत नसेल तर तेवढी रक्कम आधीच्या हिरव्या तारखेलाच बाजूला काढून ठेवा.