एका इंचाची कुळकथा

वर्ध्याजवळच्या नालवाडीहून गोपुरीच्या बाजूला निघालं की विजेच्या तारेवर नीळकंठ दिसतो. आपण थांबलो की तो उडतो, म्हणून वीस मीटरवरच उभं राहायचं. पक्षी साधारण ३० सेंटिमीटरचा. ४०० मिलिमीटरच्या भिंगातून त्याची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आत किती मोठी पडेल? हे शाळेतलं त्रैराशिक आहे: उत्तर ६ मिलिमीटर. कॅमेरा महाग असो की स्वस्त, सेन्सर मोठा असो की लहान, ६ मिलिमीटरच.

टेलीफोटो लेन्स घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हे गणित करायला लावतो. कारण पुढचा सगळा घोळ सेन्सरच्या मापाने होतो. ३६ मिलिमीटर रुंदीच्या 'फुल फ्रेम' सेन्सरवर हा नीळकंठ चौकटीचा सहावा हिस्सा व्यापतो, २३.५ मिलिमीटरच्या एपीएस-सीवर चौथा, आणि 'एक इंची' सेन्सरवर जवळजवळ अर्धा. लोक म्हणतात, लहान सेन्सरवर पक्षी मोठा येतो. पक्षी तेवढाच असतो. भोवतीचं आभाळ कापलं गेलेलं असतं.

आता तो 'एक इंच'. पट्टी लावली तर हा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो, कर्ण जेमतेम १६. इंच तर २५.४ मिलिमीटरचा. उरलेला भाग कुठे गेला, हे मला बरीच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. उत्तर टीव्हीच्या स्टुडिओत आहे. १९५०च्या सुमारास अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने व्हिडिकॉन नावाची कॅमेरानळी आणली. नळीचं माप सांगायचं ते काचेच्या बाहेरच्या व्यासाचं. एक इंच व्यासाच्या नळीत चित्र उमटायची जागा मात्र कर्णात १६ मिलिमीटरच असे. पुढे नळ्या गेल्या, सिलिकॉनच्या चिपा आल्या. पण भिंगं नळ्यांच्या हिशेबाने बनलेली होती, तेव्हा चिपांनाही नळीचंच माप चिकटलं. वाटण्या झाल्या, पिकं बदलली, तरी सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव चालत राहावं, तसं. साध्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर १/२.३ इंच लिहिलेलं असतं, तेही याच घराण्यातलं. ती चिप प्रत्यक्षात ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळात फुल फ्रेमच्या तिसाव्या हिश्श्याएवढी.

'फुल'चं कूळही गमतीचं आहे. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने ईस्टमनची ७० मिलिमीटरची फिल्म उभी चिरून दोन पट्ट्या केल्या. ३५ मिलिमीटर तिथे जन्मलं. दोन्ही कडांना भोकं पाडल्यावर चित्रासाठी मधे २४ मिलिमीटर उरले. सिनेमाची चौकट झाली १८ बाय २४. जर्मनीतल्या वेत्स्लार गावी लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक होता. त्याला दमा होता, काचपट्ट्यांचा जड कॅमेरा डोंगरात वाहून नेणं झेपत नसे. त्याने सिनेमाची फिल्म आडवी घातली आणि दोन चौकटींची एक केली: २४ बाय ३६. त्याचा हा कॅमेरा, लायका, १९२५ साली बाजारात आला. म्हणजे आज ज्याला आपण 'पूर्ण' म्हणतो ती अर्ध्या चिरलेल्या फिल्मवरची दुप्पट चौकट आहे. एपीएस-सीमधलं एपीएस हे तर १९९६च्या एका फिल्मचं नाव. ती फिल्म फार काळ चालली नाही, तिच्या एका चौकटीचं माप तेवढं मागे उरलं.

भिंगाचं घराणं याहून जुनं. लेन्स हा शब्द लॅटिनमधला, आणि त्याचा अर्थ मसूर. दोन्हीकडून फुगीर काच मसुरीच्या दाण्यासारखी दिसते म्हणून. फुगीर काचेमागे खोलगट काच ठेवली तर प्रतिमा मोठी होते, हे केप्लरने १६११ मध्येच लिहून ठेवलं होतं. कॅमेऱ्यासाठी ती जोडी जुळवायला १८९१ उजाडलं, आणि त्या एकाच वर्षी लंडनमध्ये थॉमस डालमायर, जर्मनीत मीथे आणि श्टाइनहाइल, अशा तिघांनी वेगवेगळी ती जुळवली. खोलगट काचेचा मोठा उपयोग हा की नळी आखूड होते. नुसत्या फुगीर काचेने ४०० मिलिमीटर हवं असतं तर नळीही जवळपास तेवढीच लांब लागली असती. आज तसं भिंग वीतभराहून थोडं अधिक लांबीतही मिळतं. कारागिरांच्या भाषेत टेलीफोटो म्हणजे हेच, आपल्या आकड्यापेक्षा आखूड असलेलं भिंग.

तेव्हा दुकानात काय बघायचं? खोक्यावरचा आकडा नाही, भिंगाच्या कडेला कोरलेला. निकॉनच्या पी१००० या कॅमेऱ्याची जाहिरात ३००० मिलिमीटरची होती. भिंग आहे ५३९ मिलिमीटरचं. बाकीचा आकडा 'समतुल्य', म्हणजे १/२.३ इंची चिपेने कापलेल्या आभाळाचा. हा खोटेपणा नाही, आणि पक्षी ओळखण्यापुरतं चित्र त्यातून छान मिळतं. पण बोर व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात पहाटे गेट उघडतं तेव्हा सागाखाली उजेड किती असतो, हे जाणाऱ्याला ठाऊक आहे. तिथे इवल्याशा चिपेवर दाणे उठतात. माझं स्पष्ट मत असं: जंगलासाठी एपीएस-सी आणि त्यावर ४०० किंवा ५०० मिलिमीटरचं खरं भिंग, ही मध्यम ऐपतीच्या माणसाची सगळ्यात शहाणी जोडी. ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम असेल तर चित्र कापूनही सुमारे २० मेगापिक्सेल हाती राहतात. पण त्याची किंमत वेगळी आणि खांद्यावरचं ओझंही. आणि मे महिन्यात भर दुपारी वर्ध्याच्या उन्हात कुठलंच भिंग कामाचं नाही. तापलेल्या जमिनीवरची झळ वीस मीटरवरचा पक्षी पाण्यातल्या पक्ष्यासारखा हलवते. सकाळी आठच्या आत काम उरकावं.

या मुलखात कॅमेऱ्याची थोर परंपरा आहे, ती मात्र टेलीफोटोविना घडलेली. विनोबा १९३२च्या अखेरीस नालवाडीला राहायला आले. त्यांचे धाकटे भाऊ शिवाजी यांनी सेवाग्राममधल्या तरुण कनू गांधींना, गांधीजींच्या चुलतनातवाला, फोटो काढायला सुचवलं. आश्रमात त्यासाठी पैसा नव्हता. घनश्यामदास बिर्लांकडून शंभर रुपये आले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आश्रम खर्च देणार नाही.

रोलायफ्लेक्सची चौकट जवळपास ५६ बाय ५६ मिलिमीटर, बार्नाकच्या चौकटीच्या साडेतीनपट क्षेत्रफळाची. भिंग ७५ मिलिमीटरचं, आणि बदलता न येणारं. हेच ७५ लायकावर थोडं लांब पल्ल्याचं वाटलं असतं, एपीएस-सीवर ११२सारखं, एक इंची चिपेवर २००सारखं. कनूंच्या चौकटीत ते अगदी साधं, डोळ्याला दिसतं तसं. उभा माणूस ४० मिलिमीटर उंचीचा हवा असेल तर कनूंना त्याच्यापासून तीन मीटरवर उभं राहावं लागत होतं. तोच फोटो वीस मीटरवरून घ्यायचा तर ५०० मिलिमीटरचं भिंग लागलं असतं.