दळणाचा डबा

एका रविवारी सकाळी गिरणीतून दळण आणताना आईने डबा उचलला आणि मी जवळजवळ ओरडलोच. "ठेव ते! मी घेतो. वय काय तुझं!" डब्यात जेमतेम सात किलो पीठ. आई चौसष्ट वर्षांची. ती काही बोलली नाही, डबा माझ्या हातात दिला आणि मोकळ्या हाताने चालायला लागली. गिरणीवाल्या काकांनी 'गुणाचा मुलगा' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मीही खूश.

घरी आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. गेल्या वर्षी आईच्या हाडांची घनता तपासली होती, ती कमी निघाली. तेव्हापासून घरात सगळ्यांचा एकच मंत्र, जपून. वाकू नकोस, उचलू नकोस, जिना चढू नकोस. पण वय झालं की वजन उचलायचं नाही, हे मुळात ठरवलं कोणी? कोडमध्ये एखादी ओळ का आहे हे कोणालाच माहीत नसतं, पण काढायची भीती वाटते म्हणून ती वर्षानुवर्षं तशीच राहते ना, तसला काहीतरी प्रकार वाटला. मग दोन वीकेंड वाचनात घातले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

गोष्ट सुरू होते ती चक्क एका इंजिनियरपासून. (कॉलर ताठ!) १८६० च्या दशकात झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर नावाचा शरीररचनाशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाचे उभे काप करून आतली जाळी लोकांना दाखवत होता. कार्ल कुलमान या स्थापत्य अभियंत्याने ती पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं की या रेषा ओळखीच्या आहेत. क्रेनच्या वाकड्या दांड्यावर भार टाकला की ताण आणि दाब ज्या रेषांतून वाहतो, साधारण तशीच हाडातली जाळी रचलेली होती. पुढे बर्लिनचा शल्यविशारद युलिउस वोल्फ याने १८९२ साली यावर ग्रंथच लिहिला. त्याचं सार असं की हाड म्हणजे नुसता खांब नाही. त्याच्यावर जसा भार पडेल तसं ते स्वतःला बदलत राहतं. भार वाढला तर भर घालतं, भार गेला तर सामान काढून घेतं.

म्हणजे १८९२ पासून हे माहीत होतं! मग 'जपून' कुठून आलं?

तर त्याचं उत्तर बिछान्यात आहे. कुठलंही दुखणं असो, औषध म्हणून विश्रांती हा त्या काळचा रिवाज होता. शस्त्रक्रिया झालेल्याला आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली लष्करी रुग्णालयं गुडघे, मांड्या मोडलेल्या जवानांनी भरून गेली आणि ते लवकर बरे होईनात. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये थॉमस डीलॉर्म नावाचा एक तरुण लष्करी डॉक्टर होता. लहानपणी त्याला संधिवाताचा ताप येऊन गेलेला, श्रम टाळ म्हणून सांगितलेलं. पठ्ठ्याने नेमकी वजनं उचलून स्वतःला उभं केलं होतं! तोच प्रयोग त्याने जवानांवर केला. हलकी वजनं शंभर वेळा हलवण्यापेक्षा, दहा वेळाच उचलता येईल एवढं जड वजन घ्यायचं आणि ताकद वाढली की वजनही वाढवायचं. १९४५ साली त्याने हे निष्कर्ष छापले. पुढे १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्सबरोबर त्याने पद्धत सोपी केली. दहा-दहाचे तीन सेट, पहिला निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. आज कुठल्याही जिममध्ये ट्रेनर 'तीन सेट, दहा रेप्स' म्हणतो त्याची नाळ इथे जुळते.

पण हे सगळं तरुण जवानांसाठी. म्हाताऱ्यांना यात कोणी धरलंच नाही. रक्तदाब वाढेल, हृदयाला झेपणार नाही, हाडं मोडतील, ही भीती. शिवाय स्नायू वयानुसार झिजणारच, त्यात काय करणार, असं बहुतेकांचं मत. या झिजण्याला धड नावसुद्धा नव्हतं. १९८८ मध्ये एका परिषदेत अर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीक शब्द जोडून 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवलं. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे उणीव. नाव दिल्याशिवाय बग नोंदवता येत नाही म्हणतात, ते वैद्यकालाही लागू दिसतं. :-)

त्याच वर्षी बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या गटाने साठ ते बहात्तर वयाच्या १२ पुरुषांकडून १२ आठवडे चांगली जड वजनं उचलून घेतली. एका वेळी जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८० टक्के. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद दुपटीहून जास्त झाली आणि स्कॅनमध्ये स्नायू वाढलेलेही दिसले.

आता खरी धाडसाची गोष्ट. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्याच एका वृद्धसेवा केंद्रातले दहा जण निवडले. सरासरी वय ९०! धडधाकट नव्हेत, आजारांनी पिचलेले, आधाराने चालणारे. त्यांनाही तेच, ८० टक्के वजन, आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. १९९० मध्ये निकाल छापून आले. नऊ जणांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. दोघांनी तर चालताना काठी घेणं सोडलं.

हे वाचताना मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. आठ आठवडे! आमचा एक रिलीज निघायला याहून जास्त वेळ लागतो.

दहा माणसं म्हणजे काहीच नाहीत, असं कोणीही म्हणेल. म्हणून १९९४ मध्ये त्याच गटाने १०० जणांवर मोठा प्रयोग केला. सरासरी वय ८७. काहींना व्यायाम, काहींना फक्त पोषक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची फक्त ३ टक्के. चालण्याचा वेगही वाढला. नुसत्या पेयाने मात्र काही साधलं नाही. ('आईला अमुक पावडर दे' म्हणणाऱ्या समस्त नातेवाईकांनी नोंद घ्यावी.)

बरं, हे स्नायूंचं झालं. हाडांचं काय? त्याच १९९४ मध्ये मिरियम नेल्सन आणि सहकाऱ्यांनी पाळी थांबलेल्या, पन्नास ते सत्तर वयाच्या ३९ बायकांचा वर्षभराचा अभ्यास छापला. आठवड्यातून दोन दिवस, पाच व्यायाम. वजनं उचलणाऱ्यांची कमरेच्या मणक्यांतली हाडांची घनता १ टक्क्याने वाढली, नुसत्या बसून राहिलेल्यांची १.८ टक्क्यांनी घटली. आकडे किरकोळ वाटतात, पण एक वर चाललाय आणि दुसरा खाली. दहा वर्षांचा हिशोब मनातल्या मनात करा, मग कळेल.

पुढे २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाने तर कहर केला. हाडं आधीच विरळ झालेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५, म्हणजे आमच्या मातोश्रीच. त्यांना जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर वजन घेऊन बैठका, डोक्यावर वजन ढकलणं आणि लटकून खाली उडी, हे सगळं दिलं. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, आठ महिने. मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. मात्र हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि सुरुवातीला हलक्या वजनांनी तंत्र शिकवून. हे वाक्य दोनदा वाचा. उद्या कोणी आजीला थेट सिलिंडर उचलायला लावला तर मी जबाबदार नाही.

हे वाचताना आपल्या तालमी आठवल्याशिवाय राहत नाहीत. बैठकांचा आकडा हळूहळू चढवत न्यायचा, मुद्गल जड करत जायचा, हे तिथे पूर्वापार चालत आलंय. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्करी मंडळींनी आपले मुद्गल उचलले आणि 'इंडियन क्लब' म्हणून ते युरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांत जाऊन पोचले. पण तालीम ही तरुण पोरांची. बाईमाणसाला तिथे पाऊल टाकायची सोय नव्हती.

यावर कोणी म्हणेल, बायकांना तालीम कशाला, जातं होतं, विहीर होती, डोक्यावर घागरी होत्या. खरंय. पण मला त्याचे गोडवे गायचे नाहीत. घागर माणसाची ताकद बघून जड होत नाही, आणि अर्धपोटी बाईला विश्रांतीचा दिवसही देत नाही. गिरणी आली, नळ आले, हे फार चांगलं झालं. फक्त कष्ट गेले त्याबरोबर भारही गेला, आणि त्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. ठेवलं ते 'जपून'.

असो. तात्पर्य काय? आम्ही आईला घेऊन डॉक्टरांकडे आणि मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. आता आठवड्यातून दोन दिवस ती खुर्चीवरून हात न टेकता उठते-बसते, दोन्ही हातांत डंबेल घेऊन. एकेक किलोपासून सुरुवात आहे. पहिल्या दिवशी म्हणाली, "अरे, हे तर काहीच नाही." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मांड्या भरून आल्यात रे." दोन्ही वेळा चेहऱ्यावर तोच आनंद.

आणि काल परत दळणाला गेलो होतो. फिजिओबाईंनी शिकवल्याप्रमाणे आई कंबर न वाकवता गुडघ्यात वाकली, डबा अंगाजवळ धरला आणि उचलला. मी हात खिशात घालून शेजारून चालत होतो. गिरणीवाल्या काकांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की विचारू नका!