डागाळलेल्या भिंगाची देणगी

दुर्बिणीचं भिंग काही वर्षं वापरलं, की त्याच्या काचेवर निळसर-जांभळी झाक चढते. एकोणिसाव्या शतकात अशी झाक दिसली, की मालकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. भिंग खराब झालं, असाच समज होता. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात 'कुक अँड सन्स' ही दुर्बिणी बनवणारी नामांकित पेढी होती. तिथले भिंगांचे रचनाकार हॅरोल्ड डेनिस टेलर यांनी १८९० च्या दशकात या झाकेकडे बारकाईनं पाहिलं आणि त्यांना नेमकं उलट आढळलं. डागाळलेल्या भिंगातून प्रकाश कमी नव्हे, तर जास्त पलीकडे जात होता!

हे कसं घडावं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

हळदीचा पिवळा रंग हळदीतच असतो. ती कुटली, पाण्यात कालवली, तरी रंग राहतो. साबणाच्या फुग्याचं तसं नाही. त्याचं पाणी रंगहीन, तरीही फुग्यावर मोरपिशी, गुलाबी छटा खेळत असतात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचंही तेच. हे रंग पदार्थाचे नसून त्याच्या जाडीचे असतात. १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात न्यूटननं काचांमधल्या पातळ हवेच्या थरात दिसणारी रंगीत कडी मोजली आणि कोणता रंग किती जाडीला दिसतो, याचा हिशेब मांडला. या कड्यांचं समाधानकारक कारण मात्र पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी मिळालं. १८०१ साली थॉमस यंग यांनी सांगितलं, की प्रकाश ही लाट आहे. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या दोन लाटा एकमेकींना भेटतात. माथ्यावर माथा आला तर प्रकाश वाढतो, माथ्यावर खळगा आला तर तो मावळतो. यालाच व्यतिकरण म्हणतात. विशेष म्हणजे, न्यूटनच्याच मोजमापांवरून यंग यांनी वेगवेगळ्या रंगांच्या तरंगलांबी काढल्या.

आता टेलर यांच्या भिंगाकडे वळू. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. चार टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण यंत्रात पाच सुटी भिंगं असली, तर पृष्ठभाग दहा होतात आणि जवळपास एक तृतीयांश प्रकाश वाटेतच हरवतो. काळानुसार काचेच्या पृष्ठभागावर तयार झालेला पातळ थर या परतणाऱ्या लाटांना परस्परांविरुद्ध उभं करत होता. परावर्तन घटलं आणि वाचलेला प्रकाश पुढे गेला. टेलर यांनी रसायनं वापरून ही झाक मुद्दाम आणायचा प्रयत्न केला, १९०४ मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. पण थर दर वेळी सारखा येईना. तत्त्व कळलं होतं, हात मात्र अपुरे होते.

ते हात दिले निर्वात पेटीनं. पेटीतली हवा जवळजवळ पूर्ण काढून घ्यायची, आत एखादा क्षार तापवायचा, त्याची वाफ समोरच्या काचेवर अलगद बसू द्यायची. हिरव्या प्रकाशासाठी हा थर साधारण शंभर नॅनोमीटर जाडीचा लागतो. म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा कित्येकशे पटींनी लहान हिस्सा. जर्मनीतल्या येना गावात, झाइस कंपनीत काम करणारे युक्रेनी वंशाचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये ही रीत साधली. युद्धाचे ढग जमत होते. पाणबुडीच्या पेरिस्कोपला आणि दुर्बिणींना जादा प्रकाश म्हणजे जादा नजर. त्यामुळे हा शोध काही वर्षं लष्करी गुपित म्हणून कडीकुलपात राहिला. पण गंमत अशी, की १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी स्वतंत्रपणे तीच वाट शोधली आणि शोधनिबंधातून ती सर्वांना खुली केली. ज्ञानाला कुलूप लावता येतं, पण दुसऱ्या दारातून ते येतंच.

इथवर थराचं काम एवढंच होतं, की नको असलेलं परावर्तन मारायचं. पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. सगळ्या प्रकाशातून हवा तेवढाच एक रंग निवडता येईल का? रंगवलेली काच फार ढिली गाळणी ठरते. तांबडी काच तांबड्याबरोबर नारिंगीही जाऊ देते. लोलक रंग वेगळे करतो, पण संपूर्ण देखावा एकाच रंगात दाखवणं त्याला साधत नाही.

याचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या मार्सेय इथे चार्ल्स फाब्री आणि आल्फ्रेड पेरो यांनी दाखवला होता. अर्धवट चांदी चढवलेल्या दोन काचा समोरासमोर ठेवल्या, तर प्रकाश मधल्या फटीत पुनःपुन्हा आपटतो. ज्या लाटांच्या अर्ध्या लांबीच्या पटी त्या फटीत नेमक्या बसतात, त्याच बाहेर पडतात, बाकीच्या परत फिरतात. १९३९ मध्ये येनातच, शॉट काच कारखान्यातल्या वाल्टर गेफकेन यांनी ही फट पातळ थरांतच बसवली. चांदी, पारदर्शक थर, पुन्हा चांदी. झाली एका रंगाची गाळणी! पुढे चांदीच्या जागी दोन पारदर्शक पदार्थांचे आलटूनपालटून अनेक थर आले. चांदी काही प्रकाश गिळते, हे थर जवळजवळ काहीच गिळत नाहीत. अशी गाळणी तिरपी धरली, तर तिच्यातून येणारा रंग निळ्याकडे सरकतो. रंग द्रव्यात नसून मापात आहे, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

आज या गाळण्या आपल्या फार जवळ आल्या आहेत. अनेक पॅथॉलॉजी प्रयोगशाळांतलं यंत्र रक्तातली साखर मोजताना द्रावणातून सुमारे पाचशे नॅनोमीटरचा निवडक प्रकाश सोडतं. ही निवड चुकली, तर अहवाल चुकतो आणि औषधाची मात्राही. पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली बनलेली 'सूट' दुर्बीण २ सप्टेंबर २०२३ रोजी 'आदित्य एल-१' यानातून निघाली. अकरा गाळण्यांच्या साहाय्यानं ती पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्याची अतिनील चित्रं टिपते. प्रत्येक गाळणीतून सूर्याच्या वातावरणाचा वेगळा स्तर उघडतो.

या साऱ्याच्या मुळाशी एक डाग आहे. तो आधीही अनेकांनी पाहिला असेल आणि बहुतेकांनी पुसला असेल. टेलर यांनी तो पुसण्याआधी प्रकाश मोजला. विज्ञानात पुष्कळदा फरक पडतो तो एवढ्याशाच गोष्टीनं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)