आषाढीची वारी आणि पंचांगाचा हिशेब

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घरीं दोन निरनिराळीं कालमानें एकत्र नांदत आलीं आहेत. पेरणीचा विचार निघाला म्हणजे घरांतील वडील माणूस मृग केव्हां लागतो व आर्द्रांचें वाहन कोणतें, हें पाहतो. उपासाचा विचार निघाला म्हणजे आजीबाई एकादशी कोणत्या वारीं आली असें विचारतात. पहिला प्रश्न सूर्याचा, दुसरा चंद्राचा. या दोन प्रश्नांचीं उत्तरें एकमेकांपासून फार दूर जाऊं नयेत म्हणून आपल्या पूर्वजांनीं जी योजना केली, तिच्यावरच आषाढीची पायीं वारी उभी आहे.

पावसाचीं नक्षत्रें हीं सूर्याचीं नक्षत्रें होत. सूर्य ज्या नक्षत्रांत असेल त्याचें नांव त्या पावसास मिळतें. म्हणूनच मृग दर वर्षीं जूनच्या ७ किंवा ८ तारखेस लागतो आणि आर्द्रा २१-२२ जूनच्या सुमारास निघतात. तिथीची गोष्ट वेगळी. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढें सरला कीं एक तिथि होते; अशा तीस तिथींचा महिना आणि बारा महिन्यांचें वर्ष धरल्यास तें सुमारें ३५४ दिवसांतच संपतें. सौर वर्षाहून तें अकरा दिवसांनीं उणें पडतें. हा अकरा दिवसांचा तुटवडा भरून काढला नाहीं, तर आषाढी एकादशी दर वर्षीं मागें मागें सरकत प्रथम वैशाखवणव्यांत, मग रब्बीच्या काढणींत आणि शेवटीं कडाक्याच्या थंडींत येईल. मोहरम अशाच रीतीनें सुमारें तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो, कारण हिजरी कालगणनेंत ही भरपाई केलेली नाहीं.

या अडचणींतून निघण्याचा एक मार्ग दक्षिणेंत तमिळ लोकांनीं स्वीकारला. त्यांचा महिना संक्रांतीस सुरू होतो आणि वर्ष एप्रिलच्या १४ तारखेच्या सुमारास, मेषसंक्रमणाबरोबर, उजाडतें. मकरसंक्रांत हा त्यांच्या तै महिन्याचा पहिला दिवस, व तोच पोंगल. महिना सूर्याच्या हातीं दिल्यामुळें तमिळ वर्षाला अधिक मास घालावा लागत नाहीं. तथापि उपासतापास मात्र तेथेंही चंद्राच्याच ताब्यांत राहिले. श्रीरंगम् येथें थाटानें होणारी वैकुंठ एकादशी मार्गळी महिन्याच्या, म्हणजे आपण ज्याला धनुर्मास म्हणतों त्या सौर महिन्याच्या, शुक्ल पक्षांत धरतात. महिना सूर्याचा आणि तिथि चंद्राची, अशी ही जोडणी असल्यामुळें ती एकादशी एखाद्या इंग्रजी वर्षांत दोनदां येते, तर एखाद्या वर्षांत मुळींच येत नाहीं. कार्तिकै दीपम्, तैपूसम्, पंगुनी उत्तिरम् हे सण तर सौर महिना आणि चंद्राचें नक्षत्र यांवरून ठरतात.

महाराष्ट्रानें दुसरा मार्ग धरला. महिना चंद्राचाच ठेवला. परंतु ज्या चांद्र महिन्यांत सूर्याचें एकही संक्रमण होत नाहीं तो अधिक मानून गणतींत एक महिना वाढविला. सरासरीनें साडेबत्तीस महिन्यांनीं असा महिना येतो. जांवयास अनारशांचें वाण देणाऱ्या गृहिणीस या महिन्याचें कौतुक असतें, पण त्याचें खरें काम वर्षाला ऋतूच्या दावणीस बांधून ठेवण्याचें आहे. त्यामुळेंच आषाढी जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंतच्या मर्यादेबाहेर सहसा जात नाहीं आणि पेरणी उरकून, अगर पेरणीची आशा मनांत धरून, शेतकऱ्याला वारीस निघतां येतें.

तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीस निघालेली ही पालखी पुणें, यवत, वरवंड करीत उंडवडी गवळ्याचीवरून बारामतीस येते. केकावलीकर मोरोपंतांनीं ज्या गांवीं बाबूराव नाईकांच्या आश्रयानें पुराण सांगत आयुष्य घालविलें तेंच हें कऱ्हाकांठचें गांव. पुढें काटेवाडीस परीट मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि धनगर आपलीं मेंढरें पालखीभोंवतीं धांवडवून रिंगण धरतात. सणसर, बेलवाडीचें गोल रिंगण, निमगांव केतकी, इंदापूर असे टप्पे घेत पालखी सराटीस पोंचते. तेथें नीरेच्या पात्रांत पादुकांस स्नान घडतें आणि नदी ओलांडून वारी सोलापूर जिल्ह्यांत शिरते.

या सर्व वाटचालीचें वेळापत्रक तिथीवर बसविलेलें आहे, आणि तिथि सूर्योदयाप्रमाणें नेमानें एकेक येत नाहीं. एखादी क्षय पावते, एखादी दोन सूर्योदय पाहते. यामुळें देहूच्या प्रस्थानापासून एकादशीपर्यंतचे दिवस वर्षावर्षाला बदलतात. २०१८ सालीं ५ जुलैस निघालेल्या पालखीला २३ जुलैची एकादशी अठरा दिवसांनीं आली. २०२३ सालीं १० जून ते २९ जून हें अंतर एकोणीस दिवसांचें, तर २०२२ सालीं २० जून ते १० जुलै हें वीस दिवसांचें होतें. २०१५ सालीं तर आषाढच अधिक आल्यामुळें पालखी ज्येष्ठांत न निघतां अधिक आषाढाच्या वद्य पक्षांत, ८ जुलैस, निघाली आणि निज आषाढाची एकादशी २७ जुलैस झाली. पालखीच्या वाटेवरील ज्या गांवीं हजारों माणसांचें जेवण शिजवावयाचें असतें, त्या गांवास पंचांगांतील एका ओळीची किंमत चांगलीच ठाऊक असते.

मग ती ओळच चुकली तर? एकोणिसाव्या शतकांत हा प्रश्न महाराष्ट्रांत मोठ्या हिरीरीनें लढविला गेला. जुन्या ग्रंथांवरून केलेलें गणित आणि आकाशांत दिसणारे ग्रह यांचा मेळ बसत नाहीं हें पाहून केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६५ च्या सुमारास नव्या वेधांवर आधारलेलें पंचांग सुरू केलें. तेंच पटवर्धनी पंचांग होय. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध करून या वादाला इतिहासाचा भक्कम पाया दिला. लोकमान्य टिळकांनीं पंचांगशुद्धीचा पुरस्कार केला आणि १९०४ सालीं मुंबईस त्यासाठीं ज्योतिष्यांची परिषदही भरली.

सनातनी शास्त्र्यांचा आक्षेप केवळ हट्टाचा नव्हता. बाणवृद्धि आणि रसक्षय हें त्यांचें सूत्र होतें. बाण म्हणजे पांच आणि रस म्हणजे सहा. अर्थात् साठ घटिकांची तिथि वाढली तर पांच घटिकांनीं वाढावी व घटली तर सहांनीं घटावी. व्रतें व श्राद्धें यांचे निर्णय या मर्यादेवरच रचलेले आहेत असें त्यांचें म्हणणें. सूक्ष्म गणितानें पाहतां तिथि ५० घटिकांपर्यंत उतरते आणि ६६ च्याही वर चढते. आकाश खरें मानावें कीं ग्रंथ, असा हा पेंच होता.

दुसरा मतभेद आरंभस्थानाचा. टिळक पंचांगानें रेवतींतील ज्या तारेपासून राशिचक्र मोजलें, त्यामुळें त्याची संक्रांत इतरांहून सुमारें चार दिवस आधीं, १० जानेवारीस येते. चार दिवस ही लहान गोष्ट वाटते. परंतु अधिक मास संक्रांतींवरून ठरत असल्यानें कांहीं वर्षीं तो निराळ्या महिन्यास पडतो आणि एका घरचा गणपति दुसऱ्या घरच्या गणपतीच्या महिनाभर आधीं बसतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं नेमलेल्या समितीनें देशासाठीं एक मान ठरविलें आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग अमलांत आलें. तरी घरोघरचा मतभेद सर्वस्वीं मिटला नाहीं. एकादशीच्या बाबतींतही स्मार्त आणि भागवत असे दोन दिवस पंचांगांत कधीं कधीं छापावे लागतात, कारण अरुणोदयीं दशमी असेल तर वैष्णव त्या दिवशीं उपास धरीत नाहींत.

घरांतील व्रत एक दिवस पुढें-मागें झालें तर तें त्या घरापुरतें राहतें. वारीला ती मोकळीक नाहीं. देहूच्या दिंड्या, काटेवाडीचे धनगर आणि पंढरीचा महाद्वार या सर्वांचा दिवस एकच असावा लागतो. २०२० सालीं साथीमुळें पायीं वारी बंद राहिली. बारामती-इंदापूरच्या वाटेवर त्या वर्षीं ना टाळ वाजला ना रिंगण झालें. परंतु आषाढ शुद्ध दशमीस, ३० जून रोजीं, तुकोबांच्या पादुका एस्. टी. च्या गाडींतून पंढरपुरास पोंचविण्यांत आल्या आणि पुढील वर्षींही तसेंच झालें. वाट सोडावी लागली. तिथि कोणीं सोडली नाहीं. शतकानुशतकें गणिती ज्या अकरा दिवसांचा हिशेब जुळवीत आले, तो हिशेब अखेर या एका दिवसासाठीं होता.