लॅपटॉपला वाय-फाय दिसेना? दुरुस्तीपूर्वी हे पडताळा

- प्रतिनिधी

परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची तारीख असावी आणि नेमक्या त्याच वेळी लॅपटॉपने एकही वायरलेस नेटवर्क दाखवू नये, हा अनुभव आता शहरी घरांना नवा राहिलेला नाही. अशा वेळी घाईघाईने लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला जातो. तेथे ‘फॉरमॅट करावा लागेल’ असे उत्तर मिळाले, तर किरकोळ दोषापायी वर्षानुवर्षांची कागदपत्रे व छायाचित्रे गमावण्याची वेळ येऊ शकते. वस्तुतः दोष नेमका कोठे आहे, याचा अंदाज बहुतेक वेळा घरीच बांधता येतो.

दोष कोणाचा?

सर्वप्रथम घरातील मोबाइलवर आपले नेटवर्क दिसते का, ते पाहावे. तेथेही दिसत नसल्यास दोष लॅपटॉपचा नव्हे, राउटरचा आहे. तो बंद करून मिनिटभराने पुन्हा सुरू करावा. मोबाइलवर दिसत असल्यास दुसरा प्रश्न विचारावा : लॅपटॉपला शेजाऱ्यांची नेटवर्क दिसतात काय? पुढील उपाय याच उत्तरावर अवलंबून आहेत.

केवळ आपलेच नेटवर्क दिसत नसल्यास

लॅपटॉपचे वायरलेस कार्ड सुस्थितीत आहे, असे समजावे. घरगुती राउटर प्रामुख्याने २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत प्रक्षेपण करतात. अनेक जुन्या लॅपटॉपना यांपैकी केवळ पहिलाच पट्टा कळतो. त्यामुळे राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ सुरू असल्याची खात्री करावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटलाही हाच नियम लागू आहे. आयफोन १२ व त्यानंतरच्या फोनमध्ये त्यासाठी ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय दिलेला आहे.

परदेशातील नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपबाबत आणखी एक अडचण संभवते. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १ ते १३ क्रमांकांचे चॅनेल वापरले जातात, तर अमेरिकेत सामान्यतः १ ते ११. राउटर १२ किंवा १३ क्रमांकावर असल्यास अमेरिकी बाजारपेठेसाठी बनलेल्या लॅपटॉपला तो दिसेलच असे नाही. अशा वेळी राउटरला १, ६ किंवा ११ क्रमांकाचा चॅनेल द्यावा.

एकही नेटवर्क दिसत नसल्यास

‘एअरप्लेन मोड’ चुकून सुरू झालेला नाही ना, हे पाहावे. काही लॅपटॉपवर वाय-फाय बंद-चालू करणारी कळ वरच्या ओळीत असते. जुन्या लॅपटॉपच्या कडेला स्वतंत्र बटण असते. त्यानंतर ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करावे. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ या सोयीमुळे शट डाउन केल्यावर प्रणालीचा काही भाग जतन केला जातो आणि बिघाडही तसाच राहू शकतो.

एवढ्याने भागले नाही, तर स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा व ‘नेटवर्क ॲडॅप्टर्स’ ही यादी पाहावी. कार्डाच्या नावावर खाली वळलेला बाण असल्यास ते बंद केलेले आहे; ‘एनेबल’ करावे. पिवळा त्रिकोण असल्यास बहुधा ड्रायव्हरचा दोष असतो. नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर बिघाड उद्भवला असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय वापरावा. अन्यथा लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकानुसार निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. त्यापुरते इंटरनेट हवे असल्यास अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे.

विंडोज १० व ११ मधील ‘नेटवर्क रीसेट’ हा त्यापुढचा उपाय होय. मात्र त्यामुळे साठवलेले वाय-फाय पासवर्ड पुसले जातात. ते आधी लिहून ठेवावेत.

दुकानात जाण्यापूर्वी

यादीत कार्डाचे नावच नसेल, तर ते सैल झालेले किंवा निकामी झालेले असू शकते. राउटरच्या अगदी जवळच नेटवर्क दिसत असेल, तर अँटेनाच्या तारांचा संशय घ्यावा. बहुतेक लॅपटॉपमध्ये या बारीक तारा बिजागरीतून पडद्याच्या चौकटीपर्यंत गेलेल्या असतात आणि पडदा किंवा बिजागरी बदलताना निखळू शकतात. दुरुस्ती महाग पडत असल्यास यूएसबी वाय-फाय ॲडॅप्टर हा तुलनेने स्वस्त पर्याय आहे.

लॅपटॉप दुकानात द्यावाच लागला, तर महत्त्वाच्या फायली आधी पेन ड्राइव्ह वा बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्यासाठी इंटरनेटची गरज नाही. वर सांगितलेल्यांपैकी काय काय करून पाहिले, हे दुरुस्ती करणाऱ्यास सांगावे आणि आपल्या संमतीशिवाय फॉरमॅट करू नये, हे पावतीवर लिहून घ्यावे.